फुलंही राहतील, मांजरही राहील

घरात मांजर आलं की शेजारपाजारचे लोक दोन सल्ले देतात. एक, कुंड्या काढून टाका. दुसरा, मांजर मंडईत सोडून या. दोघांचाही हेतू चांगलाच असतो. पण गॅलरीत चार फुलं दिसल्याशिवाय ज्याची सकाळ उजाडत नाही आणि मांडीवर मांजर असल्याशिवाय ज्याची ओळ पुढे सरकत नाही, अशा माझ्यासारख्यानं काय करावं? पैगंबरांच्या एका सोबत्याला लोक ‘अबू हुरैरा’ म्हणत. त्याचा अर्थ मांजराच्या पिल्लाचा बाप. हे अम्मीकडून ऐकत वाढलेल्या माणसाकडून मांजर सोडवत नाही. आणि झाडं उपटायला हात धजत नाही.

मग एकच वाट उरते. झाडांची नीट ओळख करून घ्यायची. ‘विषारी’ हा शब्द एकच असला, तरी सगळी विषं सारखी नसतात.

आधी मांजराबद्दल. ते पक्कं मांसाहारी असलं, तरी अधूनमधून पाला चघळतंच. शिवाय स्वच्छतेचं त्याला भारी वेड. अंगावर पडलेला परागही ते चाटून पोटात घालतं. त्याचं वजन जेमतेम 4 किलो. 60 किलोच्या माणसाला जे चिमूटभर, ते त्याला मूठभर होतं. त्यात त्याचं यकृत आपल्यासारखं नाही. काही पदार्थ निकामी करून बाहेर टाकण्याची शक्ती त्याच्याकडे फार कमी आहे. म्हणूनच आपण तापावर सहज घेतो ती पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते.

आता आपल्या कुंड्या पाहू. गुलाब आणि मोगरा निर्धास्त ठेवावेत. गुलाबाचा काटा बोचेल तेवढाच. दुसरा गट सौम्य विषाचा. शेवंतीचा पाला खाल्ला तर उलटी होते, लाळ गळते, कधी कातडीला खाज सुटते. कोरफडीच्या सालीलगतच्या पिवळ्या चिकानं जुलाब होतात. मनीप्लँट आणि अळूच्या पानांत सुईसारखे बारीक स्फटिक असतात. पान चावताच तोंडाची आग होते, मांजर डोकं झटकतं, पंजानं तोंड चोळतं. हे सगळं त्रासाचं असलं, तरी बहुधा जिवावर बेतत नाही. ही झाडं फेकायची गरज नाही, फक्त जागा बदलायची.

सदाफुली मात्र जरा वरच्या पायरीवर. तिच्यातल्या द्रव्यांपासून रक्ताच्या कर्करोगावरची औषधं बनतात, यावरूनच तिची ताकद ओळखावी. पान कडू असल्यानं मांजर सहसा सोडून देतं, पण खेळकर पिल्लाचा नेम नाही. ती मांजर जात नाही अशा ठिकाणी असावी. तिसरा गट मात्र घरात नकोच. कण्हेर, पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी, आणि शोभेचा सायकस. पहिल्या दोघी हृदयावर घाव घालतात, तिसरा यकृतावर.

पण सगळ्यात मोठा धोका कुंडीत नसतोच. तो दारातून आपल्याच हातानं आत येतो. आम्हा कवींना मानधन कमी आणि पुष्पगुच्छ फार. त्या गुच्छात मधोमध मोठी, सुवासिक, गुलाबी-पांढरी लिली असते. ही खरी लिली मांजराची मूत्रपिंडं निकामी करते. पान, पाकळी, पराग, एवढंच काय, फुलदाणीतलं पाणीसुद्धा पुरतं. पहिल्या काही तासांत उलट्या होतात, मांजर मलूल होतं, मग थोडं सावरल्यासारखं वाटतं आणि एक ते तीन दिवसांत मूत्रपिंडं बंद पडतात. डे लिलीही तशीच घातक. नावावरून मात्र फसू नये. पीस लिलीनं मनीप्लँटसारखी तोंडाची आग होते, मूत्रपिंडं जात नाहीत. मांजर असलेल्या घरी गुच्छ नेताना लिली काढून ठेवली, तर यजमानाचा मान कमी होत नाही.

कुंडी उंच फळीवर ठेवून भागत नाही, कारण फळी ही मांजराची आवडती बैठक. भिंतीपासून आणि कठड्यापासून दूर, आकड्याला टांगलेली कुंडी बरी. मातीवर मोठे गोटे पसरावेत, म्हणजे उकरणं थांबतं. एरंडीची पेंड खत म्हणून घालू नये, ती विषारी असते. आणि चघळायला त्याचं स्वतःचं काहीतरी द्यावं. नवरात्रात घटात उगवतात तसे गहू एका पसरट कुंडीत पेरले, की आठवड्यात कोवळं हिरवं तयार होतं. हक्काचं गवत मिळालं की मांजराचं लक्ष शेवंतीवरून बरंचसं उडतं.

आणखी एक. शेवंतीच्याच कुळातल्या एका फुलातून कीटकनाशक निघतं. त्याची कारखान्यात बनणारी नक्कल, परमेथ्रिन, कुत्र्याच्या गोचिडांवरच्या काही औषधांत असते. ते मांजराला लावलं तर झटके येतात, प्राणही जातो. कुत्र्याचं औषध कुत्र्यालाच.

तरीही काही खाल्लंच, तर मीठ-पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नये. तोंडात उरलेला पाला काढावा, ओल्या फडक्यानं तोंड आणि अंगावरचा पराग पुसावा, आणि त्या झाडाची एक फांदी पिशवीत घालून जनावरांच्या डॉक्टरांकडे न्यावी. नुसत्या नावापेक्षा फांदी त्यांना जास्त सांगते. लिलीचा संशय असेल तर लक्षणांची वाट पाहू नये. साधारण 18 तासांच्या आत सलाइन सुरू झालं तर मांजर वाचण्याची आशा चांगली असते. उद्या सकाळी बघू, असं म्हणण्यातच ती वेळ निघून जाते.