घाटापलीकडचे औषध

भोर आणि वेल्हे हे पुणे जिल्ह्यातले डोंगरी तालुके. राजगड-तोरणा पाहायला पुणेकर रविवारी येतात आणि अंधार पडायच्या आत परततात. (सरकारने वेल्ह्याचे नाव आता राजगड केले आहे, जुन्या माणसांच्या तोंडी अजून वेल्हेच.) भाताची लावणी सुरू झाली, की सरकारी दवाखान्यातल्या रात्रपाळीच्या डॉक्टरला मात्र निराळाच तालुका दिसतो. कुणाला बांधावर साप चावलेला, कुणाला सरपण काढताना विंचू डसलेला, कुणाच्या पोटात कीटकनाशक गेलेले. ‘पुण्याला न्या’ म्हणणे सोपे. पण जीव वाचायचा की जायचा, हे पुष्कळदा पुण्याच्या वाटेला लागण्यापूर्वीच ठरते.

हा डॉक्टर बहुधा तरुण आणि एकटा. त्याने शिकत राहावे अशी कायद्याचीही अपेक्षा आहे. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करायचे, तर 30 क्रेडिट गुण दाखवावे लागतात. ते मिळतात परिषदांना आणि व्याख्यानांना बसून. यातली बरीच व्याख्याने शहरातल्या हॉटेलांत होतात, विषय मोठ्या इस्पितळाचे असतात आणि जेवण चांगले असते. भोरच्या कॅज्युअल्टीत त्यातले किती उपयोगी पडते?

उपयोगी पडणारे ज्ञान कधी कधी अगदी शेजारी जन्मते. भोरहून वरंधा घाट उतरला की महाड तालुका. तिथल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात 1976 मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. लाल विंचू डसलेली माणसे घामाने भिजून, हातपाय गार पडून, फुप्फुसात पाणी होऊन त्यांच्यासमोर मरत होती. गंभीर दंश झालेल्या शंभरांतले तीसेक दगावत. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या. 1982 मध्ये त्या ‘लॅन्सेट’ या विख्यात नियतकालिकात छापून आल्या. विषामुळे रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदयावर विलक्षण ताण येतो. मग रक्तदाबावरची प्रॅझोसिन ही स्वस्त गोळी त्यांनी वापरून पाहिली आणि 1986 मध्ये त्याविषयीही ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले. मृत्यूचे प्रमाण शंभरात एकापर्यंत उतरले. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

पण गोळी कपाटात असून भागत नाही. ती वेळेवर द्यायची, रुग्णाला आडवे ठेवून द्यायची, नाहीतर रक्तदाब एकदम कोसळतो. पूर्वी विंचूदंशावर अ‍ॅट्रोपीन टोचत; त्याने हृदयावरचा ताण उलट वाढतो. गंमत अशी, की फवारणीच्या काही औषधांची विषबाधा झाली तर तेच अ‍ॅट्रोपीन तारक ठरते. तिथे पहिल्या मात्रेने भागले नाही तर दर पाच मिनिटांनी मात्रा दुप्पट करत जायचे, छातीतली घरघर थांबेपर्यंत. एकच कुपी, एका खाटेवर घातक आणि शेजारच्या खाटेवर जीवनदायी. विद्यार्थिदशेत एकदा वाचलेले हे रात्री दोन वाजता आठवेलच असे नाही. ते हातात बसावे लागते.

सर्पदंशाचेही तसेच. घोणस चावल्याचा संशय असेल तर रुग्णाचे दोन मिलिलिटर ताजे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचे आणि 20 मिनिटे हलवायचे नाही. गुठळी झाली नाही, तर प्रतिविष सुरू करायचे. नळी प्लास्टिकची असली, की ही परीक्षा फसते. मण्यार त्याहून कपटी. जमिनीवर झोपलेल्याला ती रात्री चावते, सूज येत नाही, खूणही दिसत नाही. पहाटे माणूस पोटदुखीची तक्रार करतो आणि हळूहळू त्याच्या पापण्या मिटू लागतात. त्या पापण्यांकडे पाहायला शिकवावे लागते. (घरच्यांनी एवढेच करावे: कापणे, चोखणे, आवळून बांधणे टाळावे, हातपाय हलू न देता दवाखाना गाठावा.)

अडचण शिकण्याच्या इच्छेची नाही. एकटा डॉक्टर पुण्याला व्याख्यानाला गेला, तर त्या दिवशी खुर्चीत कोण बसणार? 2014 पासून धावणाऱ्या 108 च्या रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांपुढेही हाच प्रश्न आहे. तेव्हा वर्गानेच घाट चढावा. मे महिन्याच्या अखेरीस, लावणीच्या आधी, भोरच्या सरकारी रुग्णालयात एक दिवस. शिकवायला विंचू-साप रोज पाहणारे महाड-जुन्नरकडचे डॉक्टर, बदलीवर जिल्ह्याहून आलेला कोणी, आणि टेबलावर काचेच्या नळ्या. क्रेडिट गुण त्याचेही मिळावेत.