शुगर, खचलेले मन आणि रात्रीची वीस मिनिटे

विहारात रविवारच्या वंदनेनंतर आम्ही टेबल मांडून शुगर-बीपी तपासायला बसतो. मागच्या हिवाळ्यात एक ताई आल्या. वय ४७, चार घरी स्वयंपाकाची कामे, मधुमेह तीन वर्षांपासून. उपाशीपोटी शुगर २१८ निघाली. आम्ही नेहमीचे प्रश्न विचारले. भात किती खाता, चहात साखर किती, गोळ्या चालू आहेत ना? त्या म्हणाल्या, "गोळ्या घरात आहेत. घ्यायचं मनच होत नाही." आम्ही गोड कमी करा असे सांगितले आणि पुढचे नाव पुकारले.

चूक आमची होती. "मनच होत नाही" हेच तर त्या सांगत होत्या, आणि आम्ही भाताचा हिशेब करत बसलो. पुढे त्यांच्या जाऊबाईंकडून कळले की दोन महिन्यांपासून त्या महिला मंडळात येत नव्हत्या. पहाटे तीनला उठून बसत, जेवण निम्म्यावर आले होते, आणि घरात सगळे म्हणत होते, "आळशी झाली ही."

मधुमेह आणि नैराश्य ही दोन वेगळी दुखणी आहेत, पण पुष्कळदा एकाच घरात बिऱ्हाड करून राहतात. अमेरिकेत २००१ साली ४२ अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, तेव्हा मधुमेह असलेल्या माणसात नैराश्य आढळण्याची शक्यता इतरांच्या सुमारे दुप्पट दिसली. नंतरच्या अभ्यासांत उलट बाजूही दिसली. ज्यांना आधी नैराश्य होते, त्यांना पुढे मधुमेह होण्याचा धोका जास्त. आपल्या देशात मधुमेहाची सुमारे १० कोटी माणसे आहेत, हा आकडा २०२३ साली जाहीर झाला. म्हणजे ही गोष्ट दोन-चार घरांची नाही.

असे का होते? मनावर ताण राहिला की शरीरात कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक जास्त सुटते. त्याचे काम संकटासाठी शरीराला तयार करणे, म्हणून ते यकृताला साखर रक्तात सोडायला लावते आणि इन्सुलिनचा जोर कमी करते. वाघ मागे लागला असता तर ती साखर पळण्यात खर्च झाली असती. पण आपल्या मागे वाघ नसतो. घरभाडे असते, बचत गटाचा हप्ता असतो, मुलाची नोकरी गेलेली असते. साखर रक्तातच फिरत राहते. म्हणून जेवण कमी होऊनही ताईंची शुगर वाढलेली होती. त्यात गोळ्या चुकलेल्या, झोप तुटलेली, आणि दुपारचे जेवण म्हणजे चहा-बिस्कीट.

दुसऱ्या बाजूने पाहा. शुगर वाढली की रात्री चार वेळा लघवीला उठावे लागते. वस्तीत संडास सार्वजनिक असेल तर रात्री जिना उतरून जायचे. झोप मोडते, सकाळी अंग जड, काम अर्धवट. शिवाय "हे खाऊ नको, ते खाऊ नको" हे दिवसभर ऐकायचे. मन खचायला आणखी काय लागते? अशा माणसाला आळशी म्हणणे म्हणजे ताप आलेल्याला "का तापलास" असे विचारणे.

शुगर कमी झाल्यावरही घोटाळा होतो. हातपाय थरथरणे, घाम, छातीत धडधड, उगाच चिडणे, असंबद्ध बोलणे. लोकांना वाटते घाबरा झाला, कोणी म्हणते बाहेरचे लागले. धम्मदीक्षेला इतकी वर्षे झाली तरी गुपचूप लिंबू उतरवणारी घरे आहेत, हे आम्हाला ठाऊक आहे आणि तुम्हालाही. मधुमेहाच्या माणसाला असे झाले तर आधी शुगर तपासा. ७० च्या खाली असेल, किंवा तपासायची सोयच नसेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

आता व्यायामाकडे येऊ. साखरेचे शरीरातले सर्वांत मोठे गिऱ्हाईक म्हणजे स्नायू. एरवी स्नायूचे दार इन्सुलिनच्या किल्लीने उघडते. मधुमेहात ही किल्ली नीट लागत नाही. पण स्नायू हलू लागला की तो किल्लीशिवाय दुसरे दार उघडतो आणि साखर आत ओढून घेतो. व्यायाम थांबल्यावरही बराच काळ, पुष्कळदा दुसऱ्या दिवसापर्यंत, इन्सुलिनचा असर चांगला राहतो. म्हणून रोज किंवा एक दिवसाआड चालणे उपयोगी. रविवारी एकदम दोन तास चालून भागत नाही.

कधी चालावे? न्यूझीलंडमध्ये मधुमेहाच्या ४१ जणांवर एक प्रयोग झाला, तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. काही दिवस त्यांनी केव्हाही एकदम ३० मिनिटे चालायचे, काही दिवस प्रत्येक जेवणानंतर १०-१० मिनिटे. जेवणानंतर चालले तेव्हा जेवणानंतरची शुगर सरासरी १२ टक्के कमी भरली, रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्के. आपल्याकडे मुख्य जेवण रात्रीच होते, तेही उशिरा, आणि जेवले की टीव्ही किंवा अंथरूण. त्यामुळे हा शोध आपल्याच घरासाठी लागला असे आम्हाला वाटते.

आणि मन? अमेरिकेच्या ड्यूक विद्यापीठात ५० वर्षांवरील १५६ जणांना घेतले, सगळे नैराश्याने आजारी. काहींना औषध दिले, काहींकडून आठवड्यातून तीनदा व्यायाम करून घेतला, काहींना दोन्ही. १६ आठवड्यांनी तिन्ही गट जवळपास सारखेच सुधारले होते. औषधाचा गुण लवकर दिसला, व्यायामाचा सावकाश. हे १९९९ सालचे. २०२४ साली २१८ चाचण्या एकत्र तपासल्या, त्यातही चालणे, हळू पळणे, योगासने आणि ताकदीचे व्यायाम नैराश्यावर उपयोगी दिसले. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० मिनिटे सांगते, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. पण निम्मे केले तरी फरक पडतो. दोन लाखांच्या आसपास माणसांच्या माहितीवरून दिसले की निम्मी हालचाल करणाऱ्यांत नैराश्याचा धोका काहीच न करणाऱ्यांपेक्षा १८ टक्के कमी होता, पूर्ण करणाऱ्यांत २५ टक्के. पहिली पंधरा मिनिटेच सर्वांत मोलाची.

इथे आमच्या टेबलावर नेहमी एक प्रश्न येतो, आणि तो खरा आहे. "आम्ही दिवसभर उभ्याच असतो, झाडतो, पाणी भरतो, तिसऱ्या मजल्यावर चढतो. आम्हाला कसला व्यायाम शिकवता?" सफाई कामगार, बिगारी, घरकाम करणाऱ्या ताई यांना बागेतल्या साहेबांसारखे "हालचाल वाढवा" म्हणणे आम्हालाच पटत नाही. शरीराच्या हिशेबात कामाची हालचालही धरली जाते, शुगरला तिचा उपयोग होतोच. पण मनाच्या बाबतीत अनेक अभ्यासांत वेगळेच दिसले. स्वतःच्या वेळात, स्वतःच्या इच्छेने केलेली हालचाल मनाला बरी ठरते. कामावर करावी लागणारी अंगमेहनत तशी ठरत नाही, काही ठिकाणी उलटच दिसते. आम्हाला याचे नवल वाटले नाही. मुकादमाच्या शिटीवर टोपली उचलणे आणि मैत्रिणीशी बोलत चालणे यांत पाय तेच असले तरी माणूस तोच नसतो. म्हणून दिवसभर राबणाऱ्या बाईला आम्ही जास्त व्यायाम करा म्हणत नाही. वीस मिनिटे तुमच्या मालकीची ठेवा, एवढेच म्हणतो. आणि ती तिला मिळावीत म्हणून भांडी दुसऱ्या कोणीतरी घासावीत. बंधूंनो, हे तुम्हाला उद्देशून आहे.

वस्तीत चालायला जागा कुठे, हाही प्रश्न आहेच. गल्लीत गटार उघडे, कोपऱ्यावर टोळके. एकटीने निघू नका, तिघी-चौघी मिळून निघा. विहाराचे आवार असेल तर फेऱ्या मारा. पावसाळ्यात घरातच खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा, भिंतीला हात लावून ढकला. मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेली असू शकते, मग खिळा रुतला तरी कळत नाही. स्लीपर नको, बंद बूट घाला आणि घरी आल्यावर तळवे बघा. इन्सुलिन किंवा शुगर पाडणाऱ्या गोळ्या चालू असतील तर खिशात साखर ठेवा आणि व्यायाम सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. छातीत दुखले, दम लागला तर थांबा.

व्यायामाने सगळे भागेल असे आम्ही म्हणत नाही. नैराश्य जास्त असेल तर माणसाला अंथरुणातून उठणेच जमत नाही. त्याला "जरा फिरून ये" म्हणणे क्रूरपणा होतो. घरच्यांनी दोन प्रश्न विचारावेत. गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस मन उदास होते का? आवडीच्या गोष्टींतला रस गेला आहे का? एकालाही "हो" आले तर डॉक्टरांना दाखवा. नैराश्याची औषधे म्हणजे झोपेच्या गोळ्या नव्हेत. ती मनाने बंद करू नका. मनाच्या काही औषधांनी शुगर वाढते, म्हणून मधुमेह आहे हे तिथे सांगा. जगणे नको वाटते असे कोणी बोलले तर त्याला एकटे सोडू नका. सरकारची टेली मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येते.

मधुमेहाची लाज वाटणाऱ्यांना आम्ही एक आठवण देतो. बाबासाहेबांनाही मधुमेह होता. १९४८ साली विवाह झाल्यानंतर स्वतः डॉक्टर असलेल्या माईसाहेब त्यांच्या औषधाकडे आणि पथ्याकडे पाहत.

त्या ताईंना आम्ही पुन्हा भेटायला गेलो, या वेळी मशीन न घेता. जाऊबाई त्यांना महापालिकेच्या दवाखान्यात घेऊन गेल्या, तिथून मानसोपचाराच्या ओपीडीला. मनाच्या गोळ्या सुरू झाल्या, मग शुगरच्याही नीट सुरू झाल्या. महिनाभराने दोघी रात्री जेवल्यावर विहारापर्यंत चालत येऊ लागल्या. काही रात्री त्या येत नाहीत, तेव्हा जाऊबाई एकट्याच येऊन सांगतात, "आज नाही म्हणाली." गेल्या रविवारी उपाशीपोटी शुगर १४२ होती. आता आम्ही शुगरच्या वहीत एक रकाना वाढवला आहे, झोप आणि मन कसे आहे याचा, आणि तो आकड्याच्या आधी भरतो.