चेंडू कोणाकडे येणार?

पहिलीची मुले गोल करून बसली आहेत. बाईंच्या हातात चिंध्यांचा चेंडू आहे. ‘माय नेम इज...’ म्हणून बाई आपले नाव सांगतात, ‘व्हॉट इज युअर नेम?’ असे विचारतात आणि चेंडू टाकतात. ज्याच्या हाती तो येईल त्याने नाव सांगायचे, तोच प्रश्न विचारायचा आणि चेंडू पुढे फेकायचा. एवढाच खेळ. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासूनच शिकवतात, त्यामुळे असे खेळ शिक्षकांच्या ओळखीचे आहेत. पण त्या दहा मिनिटांत मुलांच्या डोक्यात काय काय घडते हे कळले की थक्क व्हायला होते.

आधी चेंडूचेच बघा. ओळीने नावे सांगायला लावली तर काय बिघडते? १९७३ साली माल्कम ब्रेनर या मानसशास्त्रज्ञाने माणसांना पाळीपाळीने एकेक शब्द मोठ्याने वाचायला लावले आणि नंतर आठवायला सांगितले. आपली पाळी येण्याच्या अगदी आधी वाचले गेलेले शब्द लोकांना सर्वांत कमी आठवले! स्वतःच्या पाळीच्या विचारात कान जणू मिटतात. मोठ्यांची ही गत, तर सहा वर्षांच्या मुलाची काय? आणि एकदा नाव सांगून झाले की ते निवांत; पुढची मुले काय बोलतात याच्याशी त्याला देणेघेणे उरत नाही.

चेंडू ही ओळच मोडून टाकतो. ‘मामाचं पत्र’ खेळताना रुमाल कोणामागे पडेल हे कळत नाही, म्हणून सगळे सावध असतात, तसेच इथे. चेंडू पुन्हाही येऊ शकतो, म्हणून प्रत्येक प्रश्नाला प्रत्येक मूल मनातल्या मनात उत्तर तयार ठेवते. मोठ्याने बोलायची संधी एकदोनदाच मिळते, मनातला सराव मात्र अखंड चालू राहतो.

याहून विलक्षण गोष्ट वेळेची आहे. जपानी, डॅनिश यांच्यासह दहा भाषांतल्या संभाषणांचा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. एकाचा प्रश्न संपून दुसऱ्याचे उत्तर सुरू होईपर्यंत सरासरी अंतर होते सेकंदाच्या पाचव्या भागाएवढे. साध्या चित्रातली वस्तू ओळखून तिचे नाव उच्चारायला मात्र सेकंदाच्या निम्म्याहून अधिक वेळ लागतो. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपण उत्तर जुळवायला घेतलेले असते. परक्या भाषेत हे मुलाला कसे जमावे? म्हणून मला चेंडूचा हवेतला प्रवास फार मोलाचा वाटतो. तेवढीच उसंत, आणि तीही अवघडलेल्या शांततेची नाही. सगळ्यांचे डोळे चेंडूवर असतात, मुलाच्या तोंडाकडे नाही.

मुले ‘मायनेमिज’ असे एका दमात म्हणतात. म्हणू द्यावे. लिली वाँग फिलमोर यांनी कॅलिफोर्नियात स्पॅनिश बोलणाऱ्या पाच मुलांचे इंग्रजी शिकणे जवळून पाहिले आणि १९७६ साली आपल्या प्रबंधात मांडले. ही मुले सवंगड्यांची आख्खी वाक्ये उचलत, खेळात वापरत आणि पुढे हळूहळू त्यांचे तुकडे सुटे करून नवी वाक्ये जुळवत. व्याकरण कोणी हातात ठेवलेले नव्हते. आख्ख्या वाक्यांतून मुलांनी ते आपले आपण शोधले. सहासात वर्षांच्या मेंदूची ही करामत!

एक उणीव मात्र दूर करायला हवी. वर्गातल्या सगळ्यांना एकमेकांची नावे पाठ असतात, मग विचारण्यात कुतूहल कसले? यावर सोपा उपाय आहे. प्रत्येकाला प्राण्याच्या चित्राची चिठ्ठी गुपचूप द्या आणि त्या दिवसापुरते तेच त्याचे नाव ठेवा. आता प्रश्न खरा होतो, उत्तर ऐकावेसे वाटते. बुजरे मूलही वाघ झाले की मोठ्याने बोलते, कारण चुकला तर वाघ चुकतो.

शिक्षकहो, खेळ चालू असताना उच्चार सुधारायला मध्ये थांबू नका. पुढच्या फेरीत चेंडू स्वतःकडे मागून घ्या, तेच वाक्य नीट म्हणा आणि चेंडू पुन्हा मुलांकडे टाका.