मुर्रीहून समुद्र किती दूर ?

रेल्वेनें प्रवास करणाऱ्या प्रत्येकानें स्थानकावरील पिवळी पाटी पाहिलेली असते. तीवर गांवाच्या नांवाखालीं समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. गोंदियाचें स्थानकही या नियमास अपवाद नाहीं. आतां गोंदिया, आणि त्या शहरालगतचें मुर्री गांव, हीं दोन्ही समुद्रापासून शेंकडों किलोमीटर आंत. जन्मांत एकदांही समुद्र न पाहिलेलीं माणसें अशा ठिकाणीं पुष्कळ सांपडतील. मग अशा गांवाची उंची समुद्रापासून कां मोजावी, असें एखाद्या चौकस मुलानें विचारलें, तर वडील मंडळींनीं त्यास काय सांगावें ?

सांगावयाचें तें असें. जमीन सर्वत्र उंचसखल. तिच्यावर मोजमापाचा आरंभ धरावा असें एकही ठिकाण स्वभावतः नाहीं. समुद्रही स्थिर नसतो. अमावास्या-पौर्णिमेस त्याला उधाण येतें, अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती येते, आणि दिवसांतून दोन वेळां तो चढतो व उतरतो. परंतु वर्षानुवर्षें त्याची पातळी टिपून ठेवली व तिची सरासरी काढली, तर एक विश्वासार्ह पातळी हातीं येते. मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८ सालापासून अशी नोंद ठेवण्यांत आली. अशा नऊ बंदरांवरील निरीक्षणांच्या आधारें १९०९ सालीं हिंदुस्थानच्या उंचीमोजणीचा पाया निश्चित झाला. म्हणजे मुर्रीची उंची प्रथम बंदरावरच्या भरती-ओहोटीनें ठरविली, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

तथापि मोजमापाचा हा संबंध केवळ कागदोपत्रीं होय. मुर्रीच्या विहिरींतील पाणी, बांधींतील धान आणि ज्येष्ठांतील पहिली सर या सर्वांचा समुद्राशीं जो संबंध आहे तो याहून फार जवळचा आहे. तो समजण्यास समुद्राची थोडी ओळख करून घेतली पाहिजे.

दोन समुद्रांच्या मध्यें

नकाशावर मुर्रीहून पश्चिमेस मुंबईपर्यंत सरळ रेघ ओढली तर ती सुमारें ८०० किलोमीटर भरते. आग्नेयेस विशाखापट्टणपर्यंत ओढलेली रेघ मात्र ५०० ते ५५० किलोमीटरच भरते. महाराष्ट्रांतील माणसास समुद्र म्हटला कीं कोंकण आठवतें. पण मुर्रीचा जवळचा समुद्र पूर्वेकडचा, बंगालचा उपसागर होय. तिकडचें पाणीही त्याच समुद्रास जातें. गोंदिया जिल्ह्यांतील बाघ नदी वैनगंगेस मिळते, वैनगंगा वर्धेस मिळून प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरींत शिरते आणि गोदावरी राजमहेंद्रीच्या खालीं फांटे फोडून उपसागरांत लीन होते. स्नानाचे वेळीं ज्या सात नद्यांचें स्मरण करावयाचें त्यांत गोदावरी आहे. नाशिककराप्रमाणेंच मुर्रीकरासही ती परकी नाहीं, हें पुष्कळांच्या ध्यानांत नसतें.

समुद्राचें पाणी

पृथ्वीच्या पृष्ठभागापैकीं सुमारें ७१ टक्के भाग समुद्रानें व्यापलेला आहे व पृथ्वीवरील सुमारें ९७ टक्के पाणी त्याच्यांत आहे. त्याची सरासरी खोली ३७०० मीटरांच्या आसपास आहे. पॅसिफिक महासागरांतील मारियाना गर्तेंत ती सुमारें ११,००० मीटरांपर्यंत जाते. म्हणजे त्या गर्तेंत गौरीशंकरासारखें शिखर उभें केलें तरी त्याचा माथा पाण्याबाहेर येणार नाहीं.

एक किलो समुद्रजलांत सरासरीनें ३५ ग्रॅम क्षार असतात. घरीं याची कल्पना यावी म्हणून एक लिटर पाण्यांत चहाचे सहा-सात चमचे मीठ विरघळवून जिभेवर एक थेंब ठेवून पाहावा. हे क्षार आले कोठून ? पाऊस खडकांस झिजवितो, नद्या त्यांतील द्रव्यें वाहून नेतात. समुद्रतळाच्या भेगांतून उष्ण जलाबरोबरही कांहीं द्रव्यें वर येतात. सूर्य पाणी तेवढें उचलून नेतो, क्षार मागें राहतात. कोट्यवधि वर्षें हा व्यवहार चालला आहे. 'चॅलेंजर' या इंग्रज जहाजानें १८७२ ते १८७६ या काळांत जगभर फिरून जे जलाचे नमुने आणले, त्यांपैकीं ७७ नमुन्यांचें पृथक्करण डिटमार या रसायनशास्त्रज्ञानें केलें. त्यांत असें आढळलें कीं, खारटपणा ठिकठिकाणीं कमीअधिक असला तरी त्यांतील मुख्य क्षारांचें परस्परांशीं प्रमाण सर्वत्र जवळजवळ एकच असतें. जगांतील सर्व समुद्र आंतून एकमेकांत मिसळत असल्याचा हा मोठाच पुरावा होय.

खारटपणांत मात्र आपल्या दोन समुद्रांचा स्वभाव भिन्न आहे. अरबी समुद्रावरून वाफ पुष्कळ जाते आणि त्यास मोठ्या नद्या थोड्या मिळतात. म्हणून त्याच्या उत्तर भागांत किलोमागें ३६ ग्रॅमांहून अधिक क्षार सांपडतात. बंगालच्या उपसागरांत गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, गोदावरी इत्यादि नद्यांचें गोडें पाणी येऊन पडतें, व वरून पाऊसही भरपूर. त्यामुळें पावसाळ्यानंतर त्याच्या उत्तर भागांत हेंच प्रमाण ३० च्याही खालीं उतरतें. गोडें पाणी हलकें, खारें जड. एका पेल्यांत अर्ध्यापर्यंत मिठाचें पाणी घ्या, व चमच्याच्या पाठीवरून जिलबीचा रंग घातलेलें साधें पाणी त्यावर हलकेच सोडा. रंगीत पाणी वरच तरंगत राहील. उपसागराची स्थिति नेमकी अशी आहे. या गोड्या झांकणामुळें खालचें पाणी वर येण्यास अडथळा होतो, आणि वरचा थर तापलेला राहतो. तापलेल्या थरावरून वाफ उठते, ढग जमतात, वादळें होतात. बंगालच्या उपसागरांत आजवर अरबी समुद्राच्या सुमारें चौपट वादळें झालीं, त्याचें हें एक कारण होय. तेथें उठणारे कमी दाबाचे पट्टे ओडिशा व छत्तीसगड ओलांडून विदर्भाकडे सरकतात, आणि मुर्रीच्या बांधींत पाणी सांचतें. गोदावरीनें नेलेलें पाणी ज्या समुद्राचें झांकण होतें तोच समुद्र पावसाच्या रूपानें तें परत पाठवितो.

पाण्याचा दुसरा गुण उष्णता सांठविण्याचा. वैशाखांत गोंदियास ४५ अंशांच्या आसपास तापतें आणि पौषांत पारा दहाच्या खाली उतरतो. रत्नागिरीस दोहोंपैकीं एकही टोंक नाहीं. याचें कारण समुद्र सावकाश तापतो व सावकाश निवतो. सर्व वातावरणांत मिळून जेवढी उष्णता सांठूं शकते तेवढी समुद्राच्या वरच्या सुमारें तीन मीटरांच्या थरांतच सांठते, यावरून या कोठाराची कल्पना यावी.

समुद्रांतील नद्या

समुद्रांतही नद्या आहेत. त्यांस प्रवाह म्हणतात. वारा त्यांस ढकलतो, पृथ्वीचें भ्रमण त्यांस वळण लावतें आणि किनारा त्यांस अडवितो. इतर महासागरांतील मोठे प्रवाह बारा महिने बहुधा एकाच दिशेनें वाहतात. उत्तर हिंदी महासागराची तऱ्हा वेगळी. येथें वारा सहा महिन्यांनीं उलटतो आणि त्याच्याबरोबर प्रवाहही उलटतात. आफ्रिकेच्या किनाऱ्यालगतचा सोमाली प्रवाह हिंवाळ्यांत दक्षिणेकडे जातो. नैर्ऋत्येचा वारा सुरू होतांच तोच उत्तरेकडे धांवूं लागतो व जगांतील अतिवेगवान् प्रवाहांत गणला जातो. अरब व ग्रीक खलाशांनीं या उलटसुलट वाऱ्यांवरच आपल्या व्यापाराचें वेळापत्रक बसविलें होतें.

वाऱ्यानें वरचें पाणी किनाऱ्यापासून दूर लोटलें कीं त्याच्या जागीं खालचें थंड पाणी वर येतें. खोल पाण्यांत मेलेल्या जीवांचें खत सांचलेलें असतें. तें उन्हांत येतांच सूक्ष्म वनस्पतींचें पीक मातून येतें आणि त्यावर मासे पोसतात. केरळाचा किनारा व ओमान-सोमालियाचा किनारा हीं अशीं सुपीक स्थळें होत. आपले कोळी श्रावणांतील नारळी पौर्णिमेस दर्यास नारळ अर्पण करून मग होडी लोटतात, तेव्हां वारा ओसरूं लागलेला असतो आणि पावसाळ्यांत पोसलेली मासळी हातीं येण्याचे दिवस असतात. परंपरेनें ठरविलेला मुहूर्त शास्त्रासही मान्य व्हावा असा आहे.

याखेरीज एक अत्यंत मंद प्रवाह तळाशीं चालतो. ध्रुवांजवळ थंड व जड झालेलें पाणी खालीं बुडतें आणि शतकानुशतकें सरकत हिंदी महासागराच्या तळापर्यंत येऊन पोंचतें. भर उष्ण कटिबंधांतही समुद्रतळाचें पाणी बर्फाएवढें गार कां, याचा उलगडा त्यावरून होतो.

अंधारांतील व उजेडांतील जीव

सूर्यप्रकाश समुद्रांत २०० मीटरांपर्यंतच उपयोगी पडण्याइतका पोंचतो. १००० मीटरांखालीं तो मुळींच नसतो. म्हणून समुद्राची शेती वरच्या थरांतच होते. ती करणाऱ्या वनस्पति डोळ्यांस न दिसण्याइतक्या लहान. प्लवक असें त्यांचें नांव. पृथ्वीवर सूर्यप्रकाशाच्या बळावर जें अन्न निर्माण होतें व जो प्राणवायु सुटतो, त्याचा सुमारें निम्मा वांटा या सूक्ष्म वनस्पतींचा आहे. दर रात्रीं असंख्य लहान जीव खोल पाण्यांतून चरावयास वर येतात आणि पहांटेस खालीं परततात. सर्वांत मोठा प्राणी जो नीलदेवमासा, तोही अशा बारीक जीवांवरच उपजीविका करितो.

कोंकण किनाऱ्यापासून सुमारें १०० किलोमीटर आंत, पाण्याखालीं 'आंग्रिया बँक' नांवाचें पोंवळ्यांचें पठार आहे. त्याचें नांव कान्होजी आंग्र्यांवरून पडलें असें सांगतात. पूर्व व पश्चिम समुद्र आपण वेगळे मानतों, पण जलचरांस तो भेद ठाऊक नाहीं. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ सालीं खूण केलेली एक ऑलिव्ह रिडले जातीची कासवी २०२५ सालीं रत्नागिरी जिल्ह्यांतील गुहागरच्या वाळूंत अंडीं घालावयास आलेली आढळली.

समुद्रांत सर्वत्रच जीवनाची अशी रेलचेल असते असें मात्र नव्हे. 'मबाहिस' या इजिप्शियन जहाजानें १९३३-३४ सालीं सेमूर सिवेल यांच्या नेतृत्वाखालीं अरबी समुद्राचें संशोधन केलें. त्याच्या मधल्या थरांत, सुमारें १५० पासून १००० मीटरांपर्यंत, प्राणवायु जवळजवळ नसतोच, हें अशा संशोधनानें स्पष्ट होत गेलें. पुढें आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेनंतर १९६६ सालीं आपल्याकडे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था निघाली. तिचें ठाणें गोव्यांत दोनापावला येथें आहे.

समुद्र तापला तर

येथवरचें विवेचन ज्ञानाचें झालें; आतां प्रपंचाचें. कोळसा व तेल जाळल्यानें पृथ्वीवर जी जादा उष्णता सांचते तिच्यापैकीं ९० टक्क्यांहून अधिक समुद्र पोटांत घेतो. उष्ण कटिबंधांतील हिंदी महासागराचा पृष्ठभाग १९५१ ते २०१५ या काळांत सरासरीनें १ अंश सेल्सिअसनें तापला. आंकडा लहान दिसतो. परंतु हवा जितकी उष्ण तितकी ती अधिक बाष्प धरून ठेवते, आणि तें सोडूं लागली म्हणजे एकदम सोडते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेंतील रॉक्सी कोल व त्यांचे सहकारी यांनीं २०१७ सालीं दाखवून दिलें कीं, १९५० ते २०१५ या काळांत मध्य भारतांत व्यापक अतिवृष्टीचे प्रसंग तिपटीनें वाढले. या बाष्पाचा मोठा पुरवठा तापलेल्या अरबी समुद्राकडून होतो. आणि याच मुदतींत मध्य भारतांतील एकंदर पाऊस वाढला नाहीं, उलट कमी होत गेला ! म्हणजे महिन्याचा शिधा एका दिवशीं अंगणांत ओतावयाचा आणि उरलेले दिवस चूल थंड ठेवावयाची, असा हा प्रकार आहे.

धान पिकविणाऱ्या गांवास याहून बिकट गोष्ट कोणती ? रोवणीला वेळेवर पाणी हवें, निसवण्याच्या वेळीं पाणी हवें. मध्येंच पडलेला महापूर दोहोंपैकीं एकासही उपयोगी नाहीं. समुद्रास आज्ञा करणें मुर्रीच्या हातीं नाहीं. परंतु समुद्राकडून जें येतें तें धरून ठेवणें हातीं आहे, व हें या मुलखास नवें नाहीं. गोंदिया-भंडाऱ्याच्या झाडीपट्टींत कोहळी समाजानें व जुन्या मालगुजारांनीं जे तलाव व ज्या बोड्या बांधल्या, त्यांचा हेतु हाच होता: एका दिवशीं आलेलें पाणी अनेक दिवस पुरवावें. आज त्यांपैकीं कित्येक गाळानें उथळ झाले आहेत, कित्येकांच्या पाळी खचल्या आहेत. पाऊस सम पडत होता तोंवर ही हयगय खपून गेली. यापुढें ती खपणार नाहीं.

म्हणून घरोघरीं मुलांस समुद्राची ओळख करून द्यावी ती केवळ परीक्षेसाठीं नव्हे. नाल्यांत टाकलेली प्लास्टिकची पिशवी बाघ नदीनें वैनगंगेस व गोदावरीनें उपसागरास जाऊं शकते, आणि समुद्रांतून उठलेला ढग आपल्या बांधींत उतरतो, ही जाण्यायेण्याची वाट त्यांस नकाशावर बोटानें दाखवावी. वडील मंडळींनींही उन्हाळ्यांत गांवच्या तलावाचा गाळ काढण्याचें काम निघेल तेव्हां तें दुसऱ्याचें समजूं नये. समुद्र मुर्रीस दरवर्षीं भेटावयास येतो. त्यास बसावयास जागा ठेवणें एवढें आपलें काम आहे.