ठसका थांबला, पण दाणा आतच होता

२०११ सालची संक्रांत. आम्ही तेव्हा साताऱ्यात राहत होतो. भोगीच्या दुपारी घरात तिळगुळाची तयारी चालली होती. आई भाजलेले शेंगदाणे सुपात घेऊन पाखडत बसली होती आणि तिच्याजवळ आमची चौदा महिन्यांची लेक खेळत होती. मी कचेरीत होतो, पत्नी गूळ आणायला बाहेर गेली होती. त्या दुपारी घरात काय घडलं, ते मला पाच दिवसांनी कळलं.

संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा लेक नेहमीसारखी हसत-खेळत होती. तिसऱ्या दिवशी तिला खोकला आणि बारीक ताप आला. थंडीचे दिवस, त्यामुळे कुणाला काही वेगळं वाटलं नाही. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी औषध दिलं. छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, तेव्हा मशिनवर वाफ दिली. त्यांचा दोष नव्हता. आम्ही सांगितलं तेवढंच त्यांना कळणार.

पाचव्या रात्री एकच्या सुमारास पत्नीनं मला हलवून उठवलं. पोरगी भराभर श्वास घेत होती. प्रत्येक श्वासाला नाकपुड्या फुलत होत्या, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती. ओठ निळसर दिसत होते. शेजाऱ्यांच्या गाडीतून आम्ही मुलांच्या दवाखान्यात पोहोचलो.

तिथल्या डॉक्टरांनी आधी ऑक्सिजन लावला. छातीला नळी लावून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, असं बराच वेळ ऐकलं. उजव्या बाजूला हवा नीट जात नव्हती. मग त्यांनी विचारलं, ‘‘काही खाताना हिला ठसका लागला होता का?’’

आम्ही दोघंही ‘नाही’ म्हणालो. त्यांनी पुन्हा विचारलं. आम्ही पुन्हा ‘नाही’ म्हणालो. तेव्हा ते म्हणाले, ‘‘दिवसा हिच्याजवळ कोण असतं? त्यांना विचारा.’’

मी घरी फोन लावला. आई जागीच होती. प्रश्न ऐकून ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘अरे, भोगीच्या दिवशी एक दाणा तोंडात घातला होता तिनं. जोराचा ठसका लागला. तोंड लाल झालं, मग काळंनिळं. मी पाठीवर थापट्या मारल्या, तेव्हा थांबलं. मला वाटलं, गेला पोटात.’’ आणि मग हळूच, ‘‘तू रागावशील म्हणून बोलले नाही रे.’’

हे वाक्य मी आजही विसरलेलो नाही. दोन महिन्यांपूर्वी लेक पलंगावरून पडली होती, तेव्हा आईवर मी सगळ्यांसमोर ओरडलो होतो. त्या ओरडण्याची किंमत आता माझी लेक मोजत होती.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं ते असं. दाणा श्वासनळीच्या तोंडाशी असतो तोवर जोराचा खोकला येतो, जीव घाबरा होतो. तो खाली फुफ्फुसाच्या एखाद्या नळीत उतरला की खोकला थांबतो. घरच्यांना वाटतं, संकट टळलं. ही फसवी शांतता काही तास, कधी काही दिवस टिकते. उजवी नळी डावीपेक्षा रुंद आणि सरळ असल्यामुळे पुष्कळदा वस्तू तिथेच जाते. शेंगदाणा ओलाव्यानं फुगतो, त्याच्या तेलानं नळीला आतून सूज येते, मग ताप आणि न्यूमोनिया.

एक्स-रेत दाणा दिसत नाही, नाणं किंवा पिन दिसते. आमच्या लेकीच्या एक्स-रेत दिसलं ते एवढंच, की उजवं फुफ्फुस जास्त फुगलंय. श्वास घेताना नळी थोडी रुंदावते, हवा आत जाते. सोडताना नळी आवळते आणि हवा अडकून पडते. म्हणूनच ‘ठसका लागला होता’ ही घरच्यांनी दिलेली माहिती कित्येकदा एक्स-रेपेक्षा मोलाची ठरते.

रुग्णवाहिकेतून आम्ही पुण्याला निघालो. भूल द्यायची असल्यानं तिला काही पाजायचं नव्हतं. खंबाटकीचा बोगदा ओलांडेपर्यंत ती आईच्या दुधासाठी रडत होती आणि पुढे थकून रडायचीही थांबली. पहाटे डॉक्टरांनी तोंडावाटे दुर्बीण घालून दाणा बाहेर काढला. दुर्बिणीनं श्वासनळीतली वस्तू काढण्याचा मार्ग जर्मनीतल्या गुस्ताव्ह किलियान यांनी १८९७ मध्ये दाखवला होता. डॉक्टरांनी छोट्या बाटलीतून दाखवली ती दाण्याची अर्धी पाकळी. चौथ्या दिवशी आम्ही लेकीला घेऊन घरी परतलो.

लहान मुलं असलेल्या घरांसाठी काही गोष्टी सांगतो. दाढा आल्याशिवाय मुलाला दाणा नीट चावता येत नाही. म्हणून चार-पाच वर्षांचं होईपर्यंत अख्खे शेंगदाणे, फुटाणे, चिंचोके त्याच्या हाती लागू देऊ नयेत. दाण्याचं बारीक कूट भाजीत-आमटीत चालतं.

दाणा अडकला आणि मूल जोरात खोकत असेल, तर खोकू द्यावं. न दिसणारी वस्तू काढायला घशात बोट घालू नये, ती आणखी आत जाते. आवाजच निघत नसेल, तर एक वर्षाच्या आतल्या बाळाला हातावर पालथं धरून, डोकं खाली ठेवून दोन खांद्यांच्या मधोमध पाच थापा माराव्यात. मग उताणं करून छातीच्या मधल्या हाडावर तळहाताच्या मनगटाजवळच्या भागानं पाच वेळा दाबावं. वस्तू निघेपर्यंत हे आलटून पालटून करावं. वर्षापेक्षा मोठ्या मुलाला पाठीवर पाच थापा आणि मागून मिठी घालून बेंबीच्या वर पाच वेळा आत-वर दाब द्यावा. दुसऱ्यानं तोवर १०८ ला फोन लावावा. आमच्या वेळी महाराष्ट्रात ती सेवा नव्हती, २०१४ पासून आहे. आणि ठसका आपोआप थांबला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं.

घरी आलो तेव्हा आई दारातच उभी होती, पण पुढे येईना. मी लेकीला तिच्या मांडीवर दिलं आणि म्हणालो, ‘‘आई, तू सांगितलंस म्हणून ही वाचली.’’ ती काही बोलली नाही.

मुलं सांभाळणाऱ्या माणसाच्या हातून चूक होणारच, ती आजी असो, ताई असो वा कामाच्या मावशी. ती चूक आपल्याला निर्धास्तपणे सांगता यावी, एवढी जागा आपण घरात ठेवली पाहिजे. मी ती ठेवली नव्हती.