प्राणवायू मुद्दाम तोडला तर?

फुप्फुसाच्या कर्करोगावर उपचार चालू असताना रुग्णाला काही मिनिटं कमी प्राणवायूची हवा द्यायची, मग नेहमीची, पुन्हा कमीची. अशा प्रयोगांबद्दल वाचलं की ‘हे उलटंच काहीतरी’ असं वाटतं. वाटायलाच हवं. गेली सत्तर वर्षं किरणोपचारवाले गाठीतल्या प्राणवायूच्या टंचाईशीच भांडत आले आहेत.

भांडण सुरू झालं तेही फुप्फुसाच्याच गाठींवरून. १९५५ साली टॉमलिन्सन आणि ग्रे यांनी अशा गाठींचे काप सूक्ष्मदर्शकाखाली मोजले. पेशींचे दोर, बाहेरून रक्तवाहिन्या. १६० मायक्रॉनपेक्षा कमी त्रिज्येच्या दोराचा गाभा जिवंत. २०० च्या वर गेला की मेलेलाच. प्राणवायू झिरपत किती आत जाईल याचं गणितही जवळपास तेवढंच येत होतं! ग्रे आज मात्रेचं एकक होऊन प्रत्येक किरणोपचाराच्या कागदावर आहेत. टॉमलिन्सन तळटीपेत.

मेलेल्या गाभ्याच्या कडेला अर्धमेल्या पेशी तग धरून असतात आणि त्यांना मारायला अडीच-तीन पट किरण लागतात. म्हणून लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात चर्चिल-डेव्हिडसन यांनी रुग्णांना दाबाखालचा प्राणवायू देऊन पाहिला. सोव्हिएत डॉक्टरांनी नेमकं उलट केलं: किरण देताना श्वासात २१ ऐवजी सुमारे १० टक्केच प्राणवायू. हा हिशेब कालव्याचा आहे. टेलच्या शेताला पाणी नसतंच; हेडचं गेट खाली घेतलं तर तुटतं हेडवाल्यांचं. निरोगी पेशी हेडला, गाठीतल्या चिवट पेशी टेलला. आणि इथं तहानलेलाच वाचतो.

युक्तिवाद झकास, पण मधल्या शेतांचं काय? गाठीतल्या ज्या पेशी आजवर किरणांना बळी पडत होत्या, त्याही तहानल्या तर वाचतील. शिवाय टंचाई जाणवली की पेशीत एचआयएफ हे प्रथिन साठतं आणि नव्या रक्तवाहिन्या मागवतं (२०१९ चं वैद्यकाचं नोबेल या यंत्रणेच्या शोधालाच). झोपेत श्वास अडणाऱ्यांचा प्राणवायूही असाच वरखाली होतो. त्यांच्यात कर्करोगानं मृत्यूचं प्रमाण जास्त असल्याचं २०१२ च्या विस्कॉन्सिनमधल्या अभ्यासात दिसलं. अर्थात तिथं हे रात्रभर, वर्षानुवर्षं चालतं. प्रयोगात मोजकी चक्रं, तीही देखरेखीखाली. मात्रा बदलली की परिणामही उलटू शकतो, म्हणून चाचणी व्हावीच.

पण मोजायचं काय? बोटाला लावलेला ऑक्सिमीटर रक्ताचं सांगतो, गाठीचं नाही. गाठीतली टंचाई दाखवणारे पेट स्कॅन उपलब्ध आहेत.  चाचणीचा अहवाल हाती आला, तर सत्रांच्या आधीचा आणि नंतरचा स्कॅन मी आधी शोधीन.