‘माझी काळजी करू नका’

नोकरीसाठी पुण्या-मुंबईकडे गेलेल्या मुलाचा फोन आला, की शेवटचे वाक्य ठरलेले असते : ‘माझी काळजी करू नका.’ आई फोन ठेवते आणि नेमकी तिथपासूनच काळजी करू लागते. याच अर्थाचे नाव असलेला एक अल्बम १९ फेब्रुवारी २००२ रोजी अमेरिकेत प्रसिद्ध झाला. ‘डोन्ट वरी अबाउट मी’. गायक जोई रमोन. अल्बम दुकानात आला, तेव्हा त्याला जाऊन दहा महिने झाले होते.

जोईचे खरे नाव जेफ्री हायमन. जन्म १९५१ चा, न्यूयॉर्कमधला. उंच, किडकिडीत, डोळ्यांवर केस आणि काळा चष्मा. १९७४ मध्ये चार तरुणांनी ‘रमोन्स’ नावाचा वाद्यवृंद काढला आणि सख्खे भाऊ नसतानाही चौघांनी ‘रमोन’ हेच आडनाव लावले. त्या काळी रॉक संगीत फार शिष्ट झाले होते. एकेक गाणे पंधरा-वीस मिनिटे चाले. या पोरांनी १९७६ च्या पहिल्या अल्बममध्ये चौदा गाणी अर्ध्या तासाच्या आत आटोपली! सूर मोजके, लय धावती, बोल साधे. गाण्यासाठी कसलेला गळा लागतोच असे नाही, आतून काही उसळावे लागते, हे त्यांनी दाखवले. जगाने त्याला ‘पंक’ म्हटले. बावीस वर्षांत दोन हजारांहून अधिक कार्यक्रम करून १९९६ च्या ऑगस्टमध्ये ‘रमोन्स’ थांबले. नाव मोठे झाले, पण त्या मानाने पैसा काही आला नाही.

तोवर जोईच्या शरीरात लसिकाग्रंथींचा कर्करोग शिरला होता. उपचार चालू असतानाच, जुना सहकारी डॅनियल रे याच्या साथीने तो स्वतःच्या एकट्याच्या नावावरचा पहिला अल्बम ध्वनिमुद्रित करत होता. त्यात इस्पितळाच्या खाटेवरून उठून उभे राहण्याच्या हट्टाचे गाणे आहे. टीव्हीवर शेअर बाजाराच्या बातम्या देणाऱ्या मारिया बार्तिरोमो या निवेदिकेवरही एक मिश्कील गाणे आहे. आणि सुरुवातीलाच आहे ते लुई आर्मस्ट्राँगने १९६७ मध्ये गायलेले, ‘हे जग किती सुंदर आहे’ अशा अर्थाचे प्रसिद्ध गीत. आर्मस्ट्राँगने ते संथ, मायेने गायले. जोई तेच धडाक्यात, गिटारच्या गदारोळात गातो. मरणाच्या दारातला माणूस थट्टा करतो आहे, असे क्षणभर वाटते. पुन्हा ऐकले, की कळते, थट्टा मुळीच नाही. १५ एप्रिल २००१ रोजी तो गेला. पन्नाशीला महिना उरला होता.

माणूस गेल्यावर त्याचा आवाज पुढे न्यावा का, आणि नेला तर कुठवर? हा प्रश्न आपल्या ओळखीच्या एका गायकाबाबतही आला होता. पाचगणीच्या शाळेत शिकलेला फ्रेडी मर्क्युरी नोव्हेंबर १९९१ मध्ये गेला. त्याने गाऊन ठेवलेल्या आवाजाभोवती ‘क्वीन’मधील सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये ‘मेड इन हेवन’ हा अल्बम उभा केला. त्यातल्या एका गाण्याचे शेवटचे कडवे फ्रेडीचे गायचे राहून गेले होते. ते ब्रायन मेने स्वतः गायले. मित्राची नक्कल न करता, आपल्याच आवाजात. मला ते फार प्रामाणिक वाटते. जोईचाही दुसरा अल्बम २०१२ मध्ये निघाला. भाऊ मिकी ली आणि इतरांनी जुन्या कच्च्या फितींवरचा आवाज घेऊन नवी साथ भरली. भावाच्या प्रेमाबद्दल शंका नाही. तरी पहिला अल्बम जोईने स्वतः गाऊन ठेवला होता, आणि दुसरा त्याच्या माघारी इतरांनी घडवला, एवढा फरक राहतोच.

हे सारे गोंदियात बसून लिहिण्याचे कारण घरातलेच आहे. माझे थोरले मामा आमगावकडचे धानकरी. दिवाळीनंतर मंडई भरली, की रात्रभर दंडारीत गात. आवाज खडा, शिक्षण शून्य. एका मंडईत कुणीतरी टेपरेकॉर्डर लावला आणि त्यांची एक कॅसेट झाली. आयुष्यभरात तेवढीच. मामा गेल्यावर मामींनी ती लुगड्यांच्या घडीत ठेवली. फितीला बुरशी लागलेली पाहून आमच्या भाच्याने परवा ती संगणकावर उतरवली. खरखर काढू, मागे ढोलकी नव्याने भरू, असा त्याचा बेत होता.

मामींनी आधी आहे तशी ऐकवायला सांगितली. गाणे, मध्येच रडणारे कुणाचे तरी पोर, लोकांचा गलका, आणि शेवटी मामांचा खोकला. मग स्पष्ट शब्द : ‘पुरे गा आता, बाकीचं उद्या.’

‘याला हात लावू नको,’ मामी म्हणाल्या. भाच्याने लावला नाही.

आमच्या झाडीपट्टीत असे किती गळे विनानोंद गेले असतील! आता तर प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रणाचे यंत्र आहे. आपण त्यात लग्नाच्या वराती भरतो, पण आजीची जात्यावरची ओवी मात्र राहून जाते. जोईचा पहिला अल्बम निघू शकला, कारण आजारपणातही त्याला कोणीतरी माइकपुढे उभे केले होते. येत्या मंडईत गाणारे एखादे म्हातारे मामा दिसले, तर जवळ जाऊन बसावे आणि विचारून फोन सुरू करावा. ते संकोचाने ‘असू दे, माझं काय एवढं’ म्हणतील. तेवढे मात्र ऐकू नये.